शुक्रवारी येणारा नवा अल्बम: कसा निवडावा, कसा ऐकावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाचे कान मुळात तयार असतात. घरात अभंग, शेजारी वचनं, गावच्या जत्रेत भजनी मंडळ आणि दीड तासावर धारवाड. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तरीही नवं काय ऐकू, असं विचारलं की फोनवर आपोआप लागतील ती दहा गाणी पुढे येतात आणि अख्खा अल्बम ऐकायचा राहूनच जातो.

हा लेख त्या पहिल्या अख्ख्या अल्बमसाठी आहे. विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालात, समेची (पहिल्या मात्रेची) वाट बघत बसता येत असेल तर हिप-हॉप, मेटल, जॅझ यांपैकी काहीही तुम्हाला झेपेल. प्रत्येक प्रकारात पहिल्यांदा कोणता धागा धरायचा एवढंच माहीत हवं. म्हणून खाली अल्बमच्या शिफारशींसोबत तो धागाही दिला आहे. अल्बम बहुतेक २०२२ ते २०२५ मधले आहेत.

पायरी १: फोन आणि इअरफोन नीट करा

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण ते न करताच बरेच जण नवा अल्बम नावडता ठरवून मोकळे होतात.

ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन शफल बंद करा. क्रॉसफेड शून्यावर आणा, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणार नाही. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांमध्ये खळ न पाडणारं सेटिंग, चालू ठेवा. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काही लागतं तो ऑटोप्लेही बंद करा, कारण शेवटच्या गाण्यानंतरची शांतता अल्बमचाच भाग असते. मोफत वापरात काही ॲप गाणी क्रमाने लावू देत नाहीत किंवा मध्ये जाहिराती घालतात. तसं होत असेल तर तोच अल्बम कलाकाराच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर प्लेलिस्ट म्हणून शोधा. बहुतेक वेळा सापडतो.

इक्वलायझर सपाट ठेवा. बेस बूस्ट आणि फोनमधला सराउंड किंवा ॲटमॉस परिणाम बंद करा. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणावर हे परिणाम लावले की गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चुकून चालू तर नाही ना, तेही बघा. ते चालू असेल तर डावा-उजवा आवाज एकत्र होतो आणि तंबोरा एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला ही मांडणीच नाहीशी होते.

इअरफोन वायरचा घ्या. सहाशे ते पंधराशे रुपयांत चांगला मिळतो आणि त्याच किमतीच्या ब्लूटूथ इअरबडपेक्षा सहसा साफ वाजतो. बऱ्याच नव्या फोनना गोल जॅक नसतो, म्हणून टाइप-सी अडॅप्टर लागतो. इथे हमखास फसगत होते. सर्वांत स्वस्त अडॅप्टर नुसता तारा जोडणारा असतो आणि पुष्कळ फोनवर त्यातून आवाजच येत नाही. ज्याच्या आत डीएसी चिप (डिजिटल गाण्याचा इअरफोनला चालणारा सिग्नल करणारी) आहे असा अडॅप्टर मागा आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा.

इअरफोनचं रबर कानात घट्ट बसलं नाही तर बेस गायब होतो. सोबत मिळालेल्या तिन्ही मापांची रबरं लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही.

आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. फोनवर मोजमाप नसतं, म्हणून साधारण साठ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. बाजारात किंवा बसमध्ये ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा कानाला घट्ट बसणारा इअरफोन वापरा.

पायरी २: आधी उतरवून घ्या

नेटचा खर्च आधी कळला तर अर्ध्यात अडकायला होत नाही. ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) दर्जाला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे ४५ मिनिटांच्या अल्बमला साधारण १०८ एमबी. १६० केबीपीएसला तोच अल्बम ५४ एमबीत येतो आणि ९६ केबीपीएसला ३२ एमबीत. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेल्या, दर्जाला अडीचशे-तीनशे एमबी सहज जातात. वायरच्या साध्या इअरफोनवर ३२० आणि लॉसलेस यांतला फरक बहुतेकांना कळत नाही. ९६ मात्र कळतो. झांज, तंबोरा आणि 'स'चे उच्चार खरखरीत होतात. तेव्हा घरच्या वायफायवर ३२० दर्जाने डाउनलोड करून ठेवणं सगळ्यांत बरं.

आपल्या भागात डाउनलोड का हवाच, ते चोर्ला घाटातून एकदा गोव्याला गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. जांबोटी सोडून कणकुंबीकडे लागलं की रेंज जाते-येते आणि गाणं नेमकं अंतऱ्यात अडकतं. करंट गेला की घरचा वायफायही जातो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर डाउनलोड मध्येच थांबतं, म्हणून रात्री फोन चार्जिंगला लावूनच उतरवा. सकाळी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि शेवटचं गाणं लावून बघा. वाजलं तर सगळं नीट उतरलंय. काही ॲपांत तीस दिवसांतून एकदा नेट चालू केलं नाही तर उतरवलेली गाणी बंद पडतात, हेही ध्यानात ठेवा.

पावसाचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर खानापूर भागात पत्र्याच्या किंवा कौलारू घरात मंद आलाप ऐकणं कठीण असतं. पावसाच्या आवाजात तंबोरा पूर्ण बुडतो. त्या दिवसांत ढोल-गिटारचं किंवा हिप-हॉपचं काही लावा आणि शांत अल्बम दिवाळीनंतरच्या थंडीसाठी राखून ठेवा.

पायरी ३: नवं कधी येतं ते ओळखा

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करायची पद्धत पडली. त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार होता. बहुतेक अल्बम आपल्याकडे गुरुवारी रात्री बारा वाजता दिसायला लागतात. काही कलाकार मात्र न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीला साऱ्या जगात एकदमच सोडतात. तेव्हा आपल्याकडे शुक्रवारी सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. अपवादही आहेत. टायलर द क्रिएटरचा 'क्रोमाकोपिया' २८ ऑक्टोबर २०२४ ला, सोमवारी आला.

चित्रपटांचं हे लागू नाही. तिथे एकेक गाणं सुटं येतं आणि पूर्ण अल्बम सहसा सिनेमाच्या आसपास लागतो. पूर्ण यादी येईपर्यंत थांबलात तर पार्श्वसंगीत आणि छोटे तुकडेही हाती लागतात.

शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं यादी बघा आणि फक्त एक अल्बम निवडा. पाच उतरवले तर पाचही पहिल्या दोन गाण्यांवर अडतात.

निवडण्याआधी अल्बमच्या पानावर तीन गोष्टी बघा. पहिली, एकूण मिनिटं. साधारण तीस मिनिटांच्या आत आणि चार-सहा गाणी असतील तर तो ईपी, म्हणजे छोटा अल्बम, समजायचा. नव्या माणसाला ३५ ते ४५ मिनिटांचा अल्बम सगळ्यांत सोयीचा. हे माप एलपी तबकडीच्या दोन बाजूंतून आलंय, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. घरात सी-६० कॅसेट असतील तर अर्ध्या तासाने बाजू उलटायची सवय तुम्हालाही असेलच.

दुसरी, डिलक्स आवृत्ती आहे का. असेल तर आधी साधी ऐका. डिलक्समध्ये शेवटी जोडलेल्या जादा गाण्यांमुळे मूळ शेवट बिघडतो.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, अगदी खाली बारीक अक्षरांत गोलात 'पी' असलेली ओळ. ध्वनिमुद्रण पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झालं त्याचं साल तिथे सहसा असतं. वर '२०२४' आणि खाली '१९८६' दिसलं तर समजा की जुनाच माल नव्या वेष्टनात आलाय. त्यात वाईट काही नाही, फक्त तो नवा अल्बम नव्हे. शास्त्रीय संगीतात ही गल्लत सतत होते.

शोधताना रोमन अक्षरांत कलाकार आणि अल्बम दोन्ही नावं एकत्र टाका. नुसतं 'शक्ती' टाकलं तर भक्तिगीतं आणि सिनेमे पुढे येतात. 'स्लोड', 'रिव्हर्ब', 'कव्हर', 'ट्रिब्यूट' असे शब्द नावात असतील तर ते मूळ नव्हे. गेलेल्या गायकांच्या नावावर यंत्राने बनवलेला आवाजही आता फिरतो. साथीदारांची, तबलजीची नावं कुठेच दिलेली नसतील तर त्यापासून दूर राहा.

पायरी ४: तीनदा ऐका, तीन तऱ्हांनी

पहिल्यांदा काम करता करता ऐकलं तरी चालेल. स्वयंपाक, दुकानाची आवराआवर, बेळगाव-निपाणी बसचा प्रवास, काहीही. गाणं पुढे ढकलायचं नाही आणि मत बनवायचं नाही, एवढंच पाळा.

दुसऱ्यांदा इअरफोन लावून, फोन पालथा ठेवून, बसून ऐका. वहीत फक्त वेळ टिपा: तिसरं गाणं, २ मिनिटं १० सेकंद, बासरी आली. शब्द न कळणाऱ्या भाषेत असं टिपण फार उपयोगी पडतं. 'छान', 'बोअर' असलं काही लिहू नका. कानावर काय आलं तेवढंच लिहा.

तिसऱ्यांदा, तीन-चार दिवसांनी, टिपलेल्या जागांची वाट बघत ऐका. अल्बम आवडतो की नाही ते या खेपेला कळतं. तरी आवडला नाही तर खुशाल सोडा.

पायरी ५: प्रकार बदलला की धागा बदलतो

खयाल. नवख्या माणसाची मुख्य अडचण लांबी. चाळीस मिनिटांचा एकच ट्रॅक दिसला की हात पुढे जात नाही. शिवाय विलंबितात ठेका इतका सावकाश असतो की ताल आहे हेच जाणवत नाही. विलंबित एकतालाला बारा मात्रा, पण एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट चालू शकतं. गायकाकडे लक्ष देण्याआधी पाच मिनिटं फक्त तबल्याकडे कान द्या. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. यात 'तिरकिट' दोनदा येतं, आणि ते सगळ्यांत सहज ओळखू येतं. दुसरं तिरकिट संपून 'धी ना' आलं की पुढचा ठोका सम. त्याच सुमारास गायक हातातलं सगळं सोडून मुखड्याचे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचे, तेच शब्द पुन्हा उचलतो आणि समेवर येऊन टेकतो. तीन आवर्तनं असं धरलं की चौथ्या वेळी मान आपोआप हलते. त्यानंतर गायक दर वेळी समेवर कुठल्या वाटेने आला एवढंच बघायचं. खयालात नवं जे घडतं ते त्या वाटेवर घडतं.

अल्बम निवडताना मैफलीचं ध्वनिमुद्रण घ्या, स्टुडिओतले दहा-दहा मिनिटांचे तुकडे नकोत. धारवाडचे पं. वेंकटेश कुमार, हुबळीचे पं. जयतीर्थ मेवुंडी यांच्यापासून सुरुवात करा. दोघंही आपल्याच मातीतले असल्याने उच्चारही ओळखीचे वाटतात. ट्रॅक शेवटी हळूहळू मंद होत संपला तर मूळ ध्वनिमुद्रण कापलेलं आहे असं समजा आणि पूर्ण शोधा. रागाची वेळ पाळता आली तर पाळा. तोडी रात्री अकराला ऐकली म्हणून काही अडत नाही, पण सकाळी ऐकली की जास्त लागते.

कव्वाली. नुसरत फतेह अली खान यांचा 'चेन ऑफ लाइट' २० सप्टेंबर २०२४ ला आला. ध्वनिमुद्रण १९९० चं. ते इतकी वर्षं फितींच्या साठ्यात पडून होतं. फक्त चार कव्वाल्या आहेत आणि अल्बम एका बैठकीत संपतो. नव्या माणसाने पहिला अख्खा अल्बम कोणता ऐकावा, असं विचाराल तर आमचं उत्तर हेच. कारण इथे भजनी मंडळाची सवय थेट कामाला येते: मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे उचलतात, टाळ्या लय धरतात. टाळ्या ऐका. त्या कुठे दाट होतात आणि नुसरत त्यांच्यावरून सरगम कुठे सोडतात, ते वहीत टिपा.

नाट्यसंगीत आणि सिनेमा. 'मी वसंतराव' (२०२२) मध्ये राहुल देशपांडे यांनी आपले आजोबा, गायक वसंतराव देशपांडे, यांची भूमिका केली आणि संगीतही दिलं. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना याच चित्रपटासाठी मिळाला. ठुमरी, नाट्यपद, खयाल सगळं एकाच अल्बममध्ये भेटतं, म्हणून शिकायला चांगला. 'संगीत मानापमान' जानेवारी २०२५ मध्ये पडद्यावर आला, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. मूळ नाटक १९११ चं आणि त्याच्या चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. जुनी नाट्यपदं आणि नवी गाणी लागोपाठ ऐका. तान किती कमी झाली आणि वाद्यमेळ किती वाढला, ते लगेच कळतं.

कानडी सिनेमात चरण राज यांचं 'सप्त सागरदाचे एल्लो' (२०२३) जरूर ऐका. कॅसेटच्या बाजूंसारखे याचे दोन भागच आहेत, साइड ए आणि साइड बी. ए पूर्ण ऐकल्याशिवाय बी लावू नका. कानडी कळत असलेल्या सीमाभागातल्या श्रोत्याला इथे थेट फायदा आहे. पुण्या-मुंबईच्या मराठी श्रोत्याला हेच शब्द विचारून घ्यावे लागतात.

वाद्यसंगीत आणि मिश्र प्रकार. 'शक्ती' या गटाचा 'धिस मोमेंट' (२०२३) हा १९७७ नंतरचा त्या नावाचा पहिला स्टुडिओ अल्बम. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वगणेश. त्याला ग्रॅमीही मिळाला. त्याच वर्षीचा 'ॲज वी स्पीक' हाही झाकीरभाईंचा, सोबत बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेले. त्यांचं शेवटच्या काळातलं काम ऐकायचं तर हे दोन अल्बम घरात हवेतच. एकदा संपूर्ण अल्बम फक्त तबल्याच्या मागे लागून ऐका, बाकी सगळं मागे ठेवून. बायाच्या (तबलाजोडीतल्या डग्ग्याच्या) घुमाऱ्यासाठी मात्र बरा इअरफोन लागतो. फोनच्या स्पीकरवर तो निम्मासुद्धा येत नाही.

अनुष्का शंकर यांनी ऑक्टोबर २०२३, एप्रिल २०२४ आणि मार्च २०२५ असे तीन छोटे अल्बम 'चॅप्टर' म्हणून काढले. प्रत्येक थोडक्यात आटोपतो, त्यामुळे तीन संध्याकाळी तीन ऐकता येतात. क्रम चुकवू नका.

हिप-हॉप. शब्द भरभर जातात म्हणून लोक सोडून देतात. आधी टाळी द्या. चार ठोक्यांत दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमचा फटका पडतो. असे चार ठोके म्हणजे एक बार. रॅपरचं कडवं बहुतेकदा सोळा बारचं, म्हणजे चौसष्ट ठोके. आता हे तीनतालात बघा: चार बार मिळून सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. कडवं म्हणजे चार आवर्तनं. मिनिटाला नव्वद ठोक्यांची गती असेल तर एक आवर्तन अकरा सेकंदांच्या आत संपतं. बोटांवर मोजत ऐका. यमक कुठे पडतं, ते मुद्दाम ठोक्याच्या आधी-मागे कसं सरकवलंय, हे दिसायला लागतं. तबलजी तिहाई घेतो, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येतो, तेव्हा जी मजा वाटते, ती इथेही सापडेल.

सीधे मौत या दिल्लीच्या जोडीचा संगीत-निर्माता सेझ ऑन द बीटसोबतचा 'नायाब' (२०२२) हिंदीत आहे आणि अख्खा अल्बम म्हणून बांधलेला आहे. हनुमानकाइंड मूळ केरळचा, वाढला अमेरिकेत, नाव झालं बेंगळुरूत. त्याचा 'मान्सून सीझन' जुलै २०२५ मध्ये आला. त्याच्या 'रन इट अप' गाण्यात केरळचा चेंडा हा ढोल वाजतो, तो आधी ऐका, मग बाकीचं सोपं जातं. अमेरिकेतलं एक हवं असेल तर केंड्रिक लामारचा 'जीएनएक्स' (नोव्हेंबर २०२४), बारा गाणी. या प्रकारात गाण्यापुढे 'ई' खूण असेल तर शिव्या असतात. घरात मोठ्याने लावण्याआधी बघून घ्या.

मेटल. गुरगुरणारा आवाज हीच भिंत. तो आवाज गाण्याचा म्हणून ऐकू नका, नगाऱ्यासारखं एक वाद्य समजा आणि कान गिटारकडे वळवा. ब्लडीवुडचा 'नू देल्ही' (मार्च २०२५) पहिला घ्या. त्यात ढोल आहे, बासरी आहे आणि ओळी हिंदी-पंजाबीतही आहेत. दोन आठवडे तो पचला की मग ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' (ऑक्टोबर २०२४). यादीत सहा ट्रॅक दिसतात, पण खरं तर दोनच दीर्घ रचना आहेत, वीस-तेवीस मिनिटांच्या, एलपीच्या दोन बाजूंसारख्या. वादळी भाग संपून अचानक संथ सिंथेसायझर सुरू होतो आणि दहा सेकंदांनी लक्षात येतं की आपण श्वास धरून बसलो होतो. क्रॉसफेड चालू राहिला असेल तर नेमक्या या सांध्यांची माती होते.

जॅझ. इथे धागा सोपा. सुरुवातीला सगळे मिळून एक चाल वाजवतात, मग एकेक जण ती वाढवतो, शेवटी सगळे चालीवर परततात. म्हणजे बंदिश, बढत, पुन्हा बंदिश. चाल गुणगुणता येईपर्यंत पहिलं मिनिट दोनदा ऐका, पुढचं आपोआप उलगडतं. नाला सिनेफ्रो हिचा 'एंडलेसनेस' (सप्टेंबर २०२४) त्याहून वेगळा आहे. दहा ट्रॅक एकमेकांत विरघळतात आणि खाली एक छोटी सुरावट फिरत राहते. आपल्या तंबोऱ्याच्या जागी ती धरून बसा. गॅपलेस नीट लागलंय का, ते तपासायलाही हाच अल्बम वापरा. दोन ट्रॅकमध्ये खळ पडला तर सेटिंग चुकलंय. शबाका याने सॅक्सोफोन बाजूला ठेवून बासऱ्या हाती घेतल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये अल्बम काढला. रात्री उशिरा ऐकायला तो फार सुंदर आहे.

पॉप. यावर फार लिहायला नको, पॉप स्वतःच जवळ येतं. बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' (मे २०२४) घ्या: दहा गाणी, पाऊण तासाच्या आत. तो अल्बम सलग ऐकावा म्हणून तिने आधी एकही गाणं सुटं सोडलं नव्हतं. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' (मार्च २०२४) सत्तावीस ट्रॅकचा, सव्वा तासाच्या वर जातो. तो दोन दिवसांत वाटून ऐका, नाहीतर शेवटची दहा गाणी कानावरून नुसती जातात. रोझालियाच्या 'लक्स'मध्ये (नोव्हेंबर २०२५) लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे आणि ती डझनभराहून जास्त भाषांत गाते. शब्दांची यादी समोर ठेवा, पण दुसऱ्या खेपेपासून.

स्वतंत्र बँड. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' (ऑगस्ट २०२४). हळुवार, जुन्या क्लबातल्या गाण्यासारखा. रविवारी दुपारी लावा.

पायरी ६: आवडलेला अल्बम विकत घ्या, ज्यांना आवडेल त्यांना द्या

एक गाणं एकदा वाजल्याने कलाकाराला फारसं काही मिळत नाही. अल्बम खरंच आवडला असेल तर तो बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर आहे का बघा. बरेच स्वतंत्र कलाकार तिथे असतात. घेण्याआधी अल्बम ऐकता येतो. पैसे भरल्यावर फाइल कायमची तुमची, ॲपची वर्गणी संपली तरी वाजते. मार्च २०२० पासून ठराविक शुक्रवारी ही साइट आपला वाटा सोडून देते, त्या दिवशी घेतलं तर कलाकाराच्या हाती जास्त जातं. पैसे परदेशी चलनात जातात, म्हणून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू हवा. बँकेच्या ॲपमध्ये तो बहुधा बंद असतो. व्यवहार दोनदा फसला तर आधी तिथे बघा. विकत घेतलेली फाइल फोनशिवाय पेनड्राइव्हवरही ठेवा.

दुसऱ्याला पाठवताना अख्ख्या अल्बमची लिंक टाकू नका, कुणी उघडत नाही. एकच ट्रॅक पाठवा आणि सोबत वेळ लिहा. काकांना भजनाची आवड असेल तर 'चेन ऑफ लाइट'मधली एक कव्वाली निवडा, वहीत टिपलेला मिनिट-सेकंद टाका आणि लिहा: "काका, इथून टाळ्या ऐका."